कार्ट्रिजमधलं भात

सकाळी सुषमाचा फोन आला तेव्हा मी डब्यात भाकरी भरत होते. दिनेश गेला, एवढंच ती म्हणाली. खरं सांगायचं तर आधी रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता मुरबाडची गाडी पकडायची नाही. अंग इतकं शिणलं होतं की बातमी आधी सुट्टीसारखी वाटली... मग डबा तसाच उघडा टाकून मी खाली बसले आणि त्यानंतर काय केलं ते मला नीटसं आठवत नाही.

दिनेश माझा मामेभाऊ, किन्हवलीचा. मुरबाडच्या एका कारखान्यात मशीनवर होता. मूत्रपिंडं निकामी झाली आणि कामाऐवजी डायलिसिससाठी मुरबाडला जायची वेळ आली. त्याची बायको सुषमा, तिची अंगणवाडीची नोकरी, त्यामुळे एका खेपेला ती आणि एका खेपेला मी, असं आम्ही दोघींनी वाटून घेतलं होतं. मी सापगावला चढून खिडकीजवळची जागा धरून ठेवायचे, किन्हवलीला तो चढायचा. सुरुवातीला आम्ही गप्पा मारायचो. नंतर नंतर तो बसला की डोळे मिटायचा आणि मीही मिटायचे.

डायलिसिसमध्ये सगळ्यात वाईट काय असेल तर हात. सुया टोचलेला हात तीन-चार तास हलवायचा नाही. मोबाइल एका हातात धरून कंटाळा यायचा, निसटायचा, दर दोन मिनिटांनी जाहिरात यायची. दिनेशकडे तरुणपणी घेतलेला एक गेम कन्सोल होता, तळहातात मावणारा. तो त्याने शोधून काढला. पण त्याचे सगळे गेम दोन हातांनी खेळायचे. तेव्हा एका अंगठ्याने, दोनच बटणांवर चालेल असा गेम आपणच बनवू, असं याच्या डोक्यात शिरलं. घरी पडल्या पडल्या व्हिडिओ बघून तो ते शिकला. अशा हौशी लोकांनी बनवलेल्या खेळांना बाहेर होमब्रू म्हणतात. हा म्हणायचा, घरगुती गेम. पापड-कुरडया असतात तसे. सुषमा कपाळावर हात मारून घ्यायची.

गेम कंप्युटरवर चालला, पण कन्सोलवर चालवायचा तर फ्लॅश कार्ट्रिज पाहिजे. दिसायला कन्सोलच्या पाठीत खोचायच्या नेहमीच्या गेमच्या डबीसारखंच, फक्त त्यात मेमरी कार्ड घालून आपल्याला हवा तो गेम टाकता येतो. ते कोणतं घ्यायचं, यावर आमचा अख्खा पावसाळा गेला. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. डायलिसिसच्या त्याच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून मी परक्या माणसांची परक्या कार्ट्रिजांवरची भांडणं वाचायचे आणि तो मधेच थांबवून तेच वाक्य परत वाचायला लावायचा. लग्नाची स्थळं बघावीत तसं चाललं होतं. स्वस्तातलं होतं त्यात खेळ कुठवर आला त्याची नोंद एका बारक्या सेलवर टिकायची. सेल मेला की सगळं पुसलं. भारीतलं सगळं आपोआप जपायचं, पण बॅटऱ्या फार खायचं, आणि नळ्या लावलेल्या असताना बॅटऱ्या बदलायला उठणार कोण? मधलं एक होतं. ते कार्डावर नोंद करायचं, पण खेळ संपवताना मेनूत परत जायचं, मग बारीक लाल दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच बंद करायचं. दिवा चालू असताना बंद केलं तर त्या दिवसाचंच काय, मागचंही सगळं जाऊ शकतं.

मला ते अजिबात पसंत नव्हतं. आजारी माणसाने कशाकशाचं भान ठेवायचं? मी तसं बोलले तर तो हसला. म्हणाला, "ताय, मशीन झिरोला आणल्याबिगर मी कधी शिफ्ट सोडली नाय. मला सवय हाय गो." आणि तेच मागवलं.

गेम होता भाताच्या राखणीचा. शेतात माळा, म्हणजे राखणीचं मचाण, आणि माळ्यावर एक माणूस. एका बटणाने गोफण फिरवायची, दुसऱ्याने दगड सोडायचा. पाखरं हाकलायची, डुकरं पळवायची. भात एका दिवसात वाढायचं नाही. प्रत्येक बैठकीला थोडं थोडं, जिथे सोडलं तिथून पुढे, म्हणून तर त्या नोंदीचं एवढं महत्त्व. शेजारच्या खुर्चीवर सिद्धगडाच्या पायथ्याचे गोमाबाबा असायचे. त्यांनी जन्मभर खरी राखण केलेली. पोपट कुठल्या बाजूने येतात, डुक्कर बांध कुठे फोडतं, हे ते डोळे मिटून सांगायचे आणि पुढच्या खेपेला ते गेममध्ये आलेलं असायचं. दर वेळी ते विचारायचे, भात कुठवर आलं? दर वेळी दिनेशचं उत्तर एकच, अजून हिरवं हाय बाबा. कापणी झाली की काय होतं, असं मी एकदा विचारलं. ते बनवून ठेवलंय, पण आधी पिकू तर दे, म्हणाला. स्क्रीन तो स्वतःकडे कलती धरायचा. माझ्या डोळ्यांना तसंही त्यातलं काही दिसायचं नाही, आणि बघायची उमेदही उरलेली नसायची.

शेवटच्या खेपेला बैठक अर्ध्यावर असतानाच त्याचं ब्लड प्रेशर उतरलं. अंगाला घाम फुटला, सिस्टर धावत आल्या, मशीन थांबवलं, कल्याणला हलवायचं ठरलं. त्या गडबडीत कोणीतरी कन्सोल माझ्या पिशवीत टाकला. तो बंद होता. कोणी बंद केला, कसा, दिवा विझला होता का... कोणालाच सांगता आलं नाही. कल्याणहून दिनेश परत आला नाही.

दहाव्याला पिंड ठेवून आम्ही मागे सरतोय तोच कावळा शिवला. सगळे म्हणाले, बरं झालं, कशात जीव अडकला नव्हता. मला मात्र दिनेशचा राग आला. आम्ही काही कबूल करायची तरी वाट बघायची होतीस. पुढे सुषमाने त्याचे कपडे वाटून टाकले. कन्सोल मी तिला परत दिला होता, तो मागून घेतला. देताना तिने विचारलं, "ताय, त्यांचं भात झालं का हो? मला एवढंच कळू द्या." बघून सांगते, म्हणाले आणि बघितलंच नाही. चालू केला आणि सुरुवातीची नांगरलेली रिकामी जमीन दिसली तर? ऑफिसला जाताना पिशवीत, येताना पिशवीत, असे आठवडे गेले.

त्याची काही इंजेक्शनं न वापरता उरली होती. दुसऱ्या कोणाच्या कामी येतील म्हणून ती द्यायला मी पुन्हा मुरबाडची गाडी धरली. किन्हवली आली तेव्हा शेजारच्या जागेवर पिशवी ठेवलेलीच होती, सवयीने. एका बाईंनी कोणी आहे का विचारलं, तेव्हा ती उचलली.

गोमाबाबा त्यांच्या खुर्चीवर होते. शेजारी एक नवीन माणूस. दिनेशचं त्यांना कळलेलं होतं. मोकळ्या हाताने त्यांनी स्टूल दाखवलं. मी बसल्यावर म्हणाले, "बाय, भात कापलं का त्यानी?"

मी कन्सोल काढला. अंगठा बटणावर ठेवला, परत उचलला आणि कन्सोल तसाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी चालू केला. मी खिडकीकडे बघत राहिले. शेवटी मीच वाकून बघितलं.

शेत होतं. बांधापासून बांधापर्यंत पिवळं. म्हणजे दिवा विझला होता. त्या घामाघूम अवस्थेत याने मेनूत जाऊन, थांबून, मगच बंद केलं होतं. मला तिथेच रडू फुटलं, सगळ्या पेशंटांसमोर.

बाबा स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. "ह्ये कधीचं पिकलंय गो," ते म्हणाले. "खाली दाणा झडलाय बघ. आन मला सांगायचा, हिरवं हाय."

कोपऱ्यात कोयता दिसत होता. केव्हाही बटण दाबून कापता आलं असतं. म्हणजे कित्येक खेपा तो पिकलेल्या शेतावर नुसता बसून होता, पाखरं हाकलत. मला वाटत होतं, तो थकलाय, त्यालाही सुटायचंय. मी थकले होते. त्याला आणखी राखण करायची होती.

काय करू, बाबांनी विचारलं. पिकलेलं किती दिवस उभं ठेवायचं, असंही तेच म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी बटण दाबलं. भात एकेक ओळ आडवं होत गेलं, भारे बांधले गेले, माळ्यावरचा माणूस खाली उतरून बांधावरून चालत स्क्रीनबाहेर गेला. शेत मोकळं झालं. मग चारी बाजूंनी पाखरं उतरली. बाबांनी राखणीच्या सवयीने गोफणीचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. दिनेशने ते बटण तिथे बंदच करून ठेवलं होतं.

"खाऊ दे," बाबा म्हणाले. "सांडलेलं त्यांचंच."

कन्सोल त्यांनी माझ्याकडे दिला. पाखरं टिपत होती, ती थांबेनात. सुषमाला आज सांगता येणार होतं. मी मेनूत परत गेले, लाल दिवा विझेपर्यंत थांबले आणि मग बंद केला.