मामांची कानडी सोयरीक

जगात भाषा एकच, मराठी. बाकीचे लोक ती चुकीची बोलतात, अशी आमच्या मामांची ठाम समजूत होती. शाहूपुरीत गुळाचं दुकान असल्यामुळे नाना बोलींची माणसं त्यांच्याकडे येत, पण मामांनी दुभाषी कधी जवळ केला नाही. "न कळाय काय हाय त्यात? शब्द वळखीचं हायत की!" उत्तरेकडचा एक व्यापारी एकदा जाता जाता म्हणाला, "सेठजी, बच्चों को अच्छी शिक्षा दीजिए." मामांनी घरी येऊन काही गुन्हा नसताना पोरांना उठाबशा काढायला लावल्या. पोरं रडायला लागली तेव्हा म्हणाले, "पावणं एवढ्या लांबनं येऊन सांगत्यात, उगंच न्हवं!"

अशा माणसाबरोबर मी माझ्या बहिणीसाठी, अक्कासाठी, स्थळ बघायला गेलो. वडील गेल्यापासून घरचं सगळं मामाच बघत. आमच्या समाजातली निम्मी घरं मराठी बोलत, निम्मी कानडी. हे स्थळ शिरोळच्या पलीकडचं, कानडी. मुलगा शाळामास्तर. अक्काने त्याला जोतिबाच्या जत्रेत पाहिलं होतं आणि आधीची स्थळं फिसकटल्यावर हे मनापासून धरलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा मास्तर मळ्यात गेलेले. घरात फक्त त्यांची आजी, तिला मराठीचा गंध नाही. तिने जेवणाची पानं मांडली आणि अगत्याने म्हणाली, "ऊटा माड्री." म्हणजे जेवा. मामांनी ऐकलं 'उठा, माडी', आणि तडक जिना चढून ते माडीवर ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसले. आजी खालून हाका मारून दमली.

कसेबसे खाली आल्यावर त्यांनी मुद्द्यालाच हात घातला. "आज्जी, आमच्या पोरीचं हाल हुनार न्हाईत न्हवं?"

त्यातला एकच शब्द आजीला कळला. ती खुलली, दोन्ही हात पसरून म्हणाली, "हालु? भाळ ऐती!"

मामांचा चेहरा उतरला. "हाल, आन त्ये बी भाळी लिवल्यालं! चल रं." पायताण घालून ते निघालेसुद्धा. घरी अक्काला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत मी त्यांच्या मागे धावलो.

वेशीत मास्तर भेटले. हकिकत ऐकून ते हसतच सुटले. "अहो, हालु म्हणजे दूध. आजी सांगत होती, दूध भरपूर आहे!" तेवढ्यात मागून आजी धापा टाकत आली, हातात दुधाने भरलेली चरवी. मामांनी चरवीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि उभ्या उभ्या ती रिकामी करून मिशा पुसल्या. "मंग हुदेत की हाल!" माझा जीव भांड्यात पडला.

लग्न झालं, अक्का सुखात नांदली. पुढे राज्यांच्या सीमा आखल्या, ते गाव पलीकडे गेलं, तरी मामा जातच राहिले. कट्ट्यावर ते मराठीत बोलत, आजी कानडीत, आणि दोघंही पोट धरून हसत. कशाला, ते कुणालाच कळत नसे.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हाही मामा भेटून आले. निघताना तिने त्यांचा हात धरून म्हटलं होतं, "मत्त बर्री." मामा निश्चिंत होते: "बरी हाय म्हनाली की."

ती गेल्यावर मास्तरांनी अर्थ सांगितला: पुन्हा या.

मामांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "जायाला पायजे हुतं."