विचाराधीन सवलत आणि आमचे मामा

सरकारदरबारी जेवढी म्हणून प्रकरणं ‘विचाराधीन’ पडून असतील, ती सगळी शेवटी आपल्याच बाजूने सुटणार आहेत असं मनापासून मानणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझ्या नवऱ्याचा मामा आहे. मी स्वतः एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं परिपत्रकांचे मसुदे करून निवृत्त झाले. ‘विचाराधीन’ हा शब्द कुठे आणि का घालतात हे मला चांगलं ठाऊक आहे, मी तो शेकडो वेळा घातलेला आहे. म्हणजे मामांचं आणि माझं जमायला तसं काही कारण नव्हतं. तरीही गेली सहा वर्षं आठवड्यातून तीन सकाळी मी नाहूरहून भांडुपला जाते, उतारावरच्या त्यांच्या धर्मादाय दवाखान्यात बसते, त्यांची पत्रं टाईप करते आणि त्यांच्याशी वाद घालते.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत डॉक्टरबाई, बाहेर बाकांवर रुग्ण, आणि कोपऱ्यात औषधांची खिडकी, जिच्यामागे मामा. इथल्याच एका कारखान्याच्या दवाखान्यात त्यांनी कंपाउंडर म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर चार दिवस घरी बसून पाहिलं. पाचव्या दिवशी मामींनीच त्यांना इथे आणून सोडलं म्हणतात. धर्मादाय दवाखान्यांना औषधं सवलतीत मिळण्याची एक योजना आहे, तिच्या जिवावर हा दवाखाना चालतो. दीड वर्षापूर्वी वर कुणाच्या तरी डोक्यात आलं की दवाखान्यांनी औषधं आधी पूर्ण किमतीला विकत घ्यावीत आणि सवलतीचा फरक मागाहून अर्ज करून परत मिळवावा. ज्यांच्यापाशी आधी द्यायलाच काही नाही, त्यांनी मागाहून काय मिळवायचं, हे त्या कागदात नव्हतं. ओरड झाली, निर्णयाला स्थगिती मिळाली, ती उठली, पुन्हा आली. तेव्हापासून जुनी सवलत एकेका महिन्याच्या मुदतवाढीवर जगते आहे, आणि दर महिन्याच्या शेवटी एक कागद येतो.

हा कागद आला की मामा चष्मा पुसतात, दार लोटून घेतात आणि पत्रिका बघायला बसल्यासारखे बसतात. सही प्रभारी अधिकाऱ्याची असली तर त्यांना आनंद होतो, कारण प्रभारी माणूस कशाला मोठा निर्णय घेईल? सही कायम अधिकाऱ्याची असली तरी आनंदच होतो, कारण खुद्द साहेबांनी लक्ष घातलं. कागद घाईघाईत खरडलेला दिसला तर अजून नीट विचार झालेला नाही, म्हणजे बदलायला वाव आहे. नीटनेटका असला तर बघ, किती आस्थेने लिहिलंय. एकदा मी वैतागून त्यांना सांगितलं की ‘आपली बाब सहानुभूतीपूर्वक तपासण्यात येत आहे’ हे वाक्य मी ज्यांच्या फायली सापडत नसत त्यांना पाठवायची. मामा म्हणाले, “पण सहानुभूती हा शब्द तूच निवडलास ना? कुणी सांगितला नव्हता.” मी पुढचं पत्र टाईप करायला घेतलं.

महिन्यातून एकदा ते हा कागद जिथून येतो त्या कार्यालयात चौकशीला जातात. जाताना स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन जातात. तिथे बाकडं आहे, पण त्यावर बसलेला माणूस खचलेला दिसतो आणि खचलेल्या माणसाचं काम कुणी करत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्या टेबलावरच्या बाईंच्या आईचे गुडघे, शिपायाच्या मुलीचं बारावीचं वर्ष, साहेबांचं पित्त, सगळ्याची विचारपूस करून, पथ्यपाणी सांगून दुपारी परत येतात. काम काय झालं विचारलं तर म्हणतात, वातावरण चांगलं आहे. दीड वर्षात त्या कार्यालयाची तब्येत सुधारली, आमचा कागद होता तिथेच आहे.

पण मामांचा खरा हट्ट तारखेचा. प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर ते पुढच्या महिन्याची तारीख घालतात, आणि ती शाईने. सवलतीचं असं टांगलेलं असताना पेन्सिलीने लिहा किंवा ‘कळवू’ एवढंच लिहा, असं विश्वस्तांनी दोनदा सांगून पाहिलं. मामा म्हणाले, पेन्सिलीने लिहिलं की माणूस पेन्सिलीने औषध घेतो. याचा अर्थ विश्वस्तांना कळला नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

त्या रुग्णांत कांबळेबाई म्हणून एक आहेत. मूळच्या साताऱ्याकडच्या, मुलुंडला एका शाळेत सफाईचं काम करतात, तोंडाने फटकळ. त्यांची साखर मागे सहा महिने काही केल्या उतरत नव्हती. डॉक्टरबाईंनी गोळी वाढवून पाहिली, तरी नाही. मामांना खात्री होती की बाई चोरून गोड खातात. दर खेपेला ते खिडकीतून विचारत, काय, आमरस की श्रीखंड? बाई नुसत्या हसत आणि पिशवी पुढे करत. मीही हसत असे, याची आता लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात मात्र महिना संपला तरी मुदतवाढीचा कागद आला नाही. मामांच्या मते हे शुभलक्षण होतं. शुक्रवारी आला, तो मुदतवाढीचा नव्हता. एक तारखेपासून पूर्ण किंमत आधी, फरक मागाहून. साखरेच्या गोळ्यांचं कपाट तळाला गेलेलं, आणि सगळ्यांच्या कार्डांवर मामांच्या ठसठशीत अक्षरात सोमवारची तारीख. विश्वस्तांनी मला दारावर लावायला सूचना लिहायला सांगितली. मी लिहिली, छान लिहिली, तेवढंच तर मला येतं. मामांनी ती घडी करून खिशात घातली आणि सोमवारी स्वतः बाहेर बाकांपाशी जाऊन उभे राहिले. कागद आला आहे, माल नाही, डॉक्टरबाई काहीतरी बघताहेत, असं त्यांनी सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. मला तेच विचित्र वाटलं.

कांबळेबाई उठल्या आणि त्यांनी पिशवीतून पावडरचा एक जुना डबा काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. “ज्यांच्याकडं काईच नाय त्यांना द्या,” त्या म्हणाल्या. “माझं भागंल.” मामांनी झाकण काढलं. डबा अर्ध्या अर्ध्या गोळ्यांनी भरलेला होता. सुपारी कातरावी तशा अडकित्त्याने नीट कातरलेल्या. बाई सहा महिने अर्धीच गोळी घेत होत्या आणि अर्धी राखून ठेवत होत्या. मग एक गिरणीतले आजोबा उठले, त्यांच्या खिशात कागदाची पुडी. त्यांच्यामागे आणखी दोघं. अर्धीच गोळी घेतली होती सगळ्यांनी, कांबळेबाईंनी तर वाढवलेल्या गोळीचीही अर्धीच.

मामा चिडले. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. मी तारीख लिहून देत होतो ना, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. कांबळेबाईंनी त्यांना बोलू दिलं, मग शांतपणे म्हणाल्या, “मामा, तारीख तुमी लिवता. कागद वरनं येतो. तुमचा भरवसा हाय, त्याचा नाय.” मामा खाली बसले. त्या कातरलेल्या गोळ्या कुणालाच देता येण्यासारख्या नव्हत्या. डॉक्टरबाईंनी ओळखीच्या दुकानांतून, नमुन्याच्या पाकिटांतून जेमतेम पंधरा दिवसांची सोय केली, आणि पंधरा दिवसांनी वरून नवा कागद आला. जुनी पद्धत तूर्त चालू, विषय विचाराधीन.

आता कांबळेबाई रोज सकाळी कामावर जाताना खिडकीशी येतात आणि मामांच्या देखत अख्खी गोळी घेतात. हे मामांनीच ठरवलं. साखर उतरते आहे. परवा पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं की पुढल्या महिन्याला मिळतील का. मी मान खाली घालून टाईप करत होते आणि नेहमीचं उत्तर येणार म्हणून वाट बघत होते. मामा म्हणाले, “माहीत नाही बाई. आजची पुरी घेतलीस, झालं.” बाईंनी मान हलवली आणि त्या निघून गेल्या. उत्तर अगदी बरोबर होतं. दीड वर्ष मी त्यांना तेच पटवत होते, आणि ते ऐकल्यावर मी एकच ओळ दोनदा टाईप केली.

दुपारी आम्ही दोघं उतार उतरत होतो. मामा हल्ली कठड्याला धरून उतरतात. या महिन्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता, त्यांनी तो वाचायला मागितला नव्हता. मीच म्हटलं, “मामा, नीट वाचला मी. या वेळी भाषा जरा वेगळी आहे. होईल असं वाटतंय.”

मामा थांबले. माझ्याकडे बघून त्यांच्या घरच्या मालवणीत म्हणाले, “तू माका खोटा कधीपासून सांगूक लागलंस गो?”

“आजपासून,” मी म्हटलं.

कठडा सोडून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, बरं, मग सगळं सांग, पहिल्या ओळीपासून.