घोडीच्या अंगावरच्या गाठी

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी जुन्नरहून लोणीला आले. माहेरचं घर बाजारपेठेत, त्यामुळे जनावरांची मला अजिबात सवय नव्हती. इथे बैल होते, म्हैस होती आणि शेजारच्या छपरात सासऱ्यांची तांबडी घोडी. आमच्याकडे शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात, बैल तिच्या मागे धावतात. मामंजींच्या घोडीला त्यासाठी यात्रेच्या दिवसांत आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं.

आमचे हे चाकणला नोकरीला, शनिवारी रात्री यायचे. एरवी घरात मी आणि मामंजी. सुरुवातीला मी त्या घोडीच्या जवळही जात नव्हते. मग मामंजींचा खांदा दुखायला लागला आणि तिला खरारा करायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायला लागलं. ब्रश फिरवताना ती डोळे अर्धे मिटायची आणि खालचा ओठ लोंबता सोडायची.

असाच खरारा करताना मानेच्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. कातडीखाली सुपारीएवढी गाठ. दाबली तरी घोडी हलली नाही.

"गोमाशी चावली आसंल," मामंजी म्हणाले. "जाईल आपसूक."

ती गेली नाही. उलट खांद्यावर, मागच्या मांडीवर, पोटाच्या बाजूला आणखी गाठी आल्या. मामंजींनी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण होते, मोटारसायकलवर आले. त्यांनी सगळं अंग चाचपलं, जबड्याखाली बोटं घालून पाहिलं, जागा बधिर करून एक गाठ काढली आणि औषधाच्या बाटलीत घालून तपासायला पाठवली.

उत्तर घेऊन ते स्वतः आले. ओट्यावर बसून म्हणाले, "काका, हा कॅन्सर आहे. लिम्फोमा म्हणतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेड्यासारख्या वाढतात आणि गाठी होतात."

घोड्याला कॅन्सर होतो हे आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"सगळ्या घोड्यांत तो सारखा नसतो," डॉक्टर सांगत होते. "आतड्यात झाला तर खाल्लेलं अंगी लागत नाही, घोडं खात असलं तरी वाळत जातं. छातीत झाला तर पाणी साठतं, दम लागतो, पुढच्या पायांच्या मध्ये सूज उतरते. यकृत, प्लीहा, कुठेही जाऊ शकतो. तुमच्या घोडीचा सध्या कातडीत आहे. हा त्यातल्या त्यात हळू चालणारा. काही वर्षंही काढेल."

"दुखतंय का तिला?" मामंजींनी विचारलं.

"गाठी दुखत नाहीत."

"मंग ऱ्हाऊ द्या तिला. करा काय औशीद करायचं ते."

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. गाठी बसल्या, थांबवल्यावर परत उठल्या. मामंजींनी तिला शर्यतीत नेणं बंद केलं. चार लोक म्हणाले, विकून टाका. मामंजी त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे.

पुढे डॉक्टरांच्याच लक्षात आलं की घोडी गाभण आहे. आजार कळायच्या आधी मामंजी तिला शेजारच्या गावातल्या घोड्याकडे घेऊन गेले होते, पण ती राहिली असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पोटात शिंगरू आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली. "आता गाठी वाढतील, तयारी ठेवा," असं मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी रोज हात फिरवून बघायची. गाठी वाढल्या नाहीत. खांद्यावरच्या मऊ पडल्या, मग लहान झाल्या आणि एक दिवस मानेवरून हात फिरवला तर नुसती कातडी. मला खरं वाटेना. मी मामंजींना हाक मारली. त्यांनी दोन्ही हातांनी तिचं सगळं अंग चाचपलं आणि तिची चंदी, भिजवलेले हरभरे, आणायला गेले. त्या दिवशी त्यांनी ते तिला जरा जास्तच घातले.

डॉक्टरांनी आपल्या जुन्या प्राध्यापकांना फोन केला. काही घोड्यांत असं होतं, त्यांनी सांगितलं. गाभणपणात शरीरात जे बदल होतात त्याने कातडीतल्या गाठी विरतात, पण व्याल्यावर परत येतात.

तसंच झालं. घोडी पहाटे व्याली, तांबडंच मादी शिंगरू. ते धडपडत उभं राहिलं तेव्हा मामंजी म्हणाले, "पाय लई लांब हायेत हिचे, बग." काही महिन्यांनी गाठी पुन्हा आल्या, पण आता त्यांची भीती वाटत नव्हती. दिवसभर दोघी माळावर असायच्या. मी धुणं वाळत घालताना शिंगरू ओल्या लुगड्याचा पदर तोंडात धरायचं.

अशी बरीच वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका हिवाळ्यात घोडीच्या छातीखाली सूज उतरली आणि उभ्याउभ्या तिला धाप लागायला लागली. डॉक्टर तोवर दुसऱ्या तालुक्यात बदलून गेले होते, तरी आले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग मामंजींकडे पाहून त्यांनी नकारार्थी मान हलवली. आधी गुंगीचं औषध देऊन तिला आडवं केलं, मामंजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं.

पुरण्याआधी उघडून बघू का, असं त्यांनी विचारलं. मामंजी हो म्हणाले. मीही तिथे उभी राहिले. छातीत पाणी साठलेलं होतं, आत मोठी गाठ होती, प्लीहा सुजून दुप्पट झाली होती, यकृतावर पांढरे ठिपके होते. आतडं मात्र स्वच्छ होतं.

"म्हणून शेवटपर्यंत खाल्लेलं अंगी लागत होतं," डॉक्टर म्हणाले.

"सकाळी बी खाल्लं व्हतं तिनं," मामंजी म्हणाले. "समदी चंदी."

खड्ड्यात मीठ टाकून आम्ही तिला पुरलं. डॉक्टरांनी हौदावर हात धुतले. मी पिठलं-भाकरी केली होती, ते जेवायला थांबले. जेवताना मामंजी त्यांना त्यांच्या पोरांच्या शाळेचं विचारत होते.