ठाण्याच्या दारावरची यादी

चिंतामणी साळसकरांचं अक्षर इतकं सुबक होतं की वीस वर्षांच्या पोलीस नोकरीत त्यांच्या हातात काठीपेक्षा टाकच जास्त राहिला. लालबागच्या बाजूच्या एका ठाण्यात ते हवालदार होते. कोणाला आणलं, कोणाला कुठे हलवलं, सगळं त्यांच्याच हातून डायरीत उतरायचं. माणूस मूळचा मालवणकडचा, राहायला नायगावच्या पोलीस लाइनीत. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं त्यांनाही वाटे. पण अंगावर खाकी होती, म्हणून ते मनातच ठेवत.

छप्पन्न सालच्या जानेवारीत गिरणगाव पेटलं. धरपकड सुरू झाली आणि ठाण्याच्या दारात बायामाणसांची रीघ लागली. आमचा माणूस तुमच्याकडे आहे का, एवढंच विचारायचे सगळे. वरून हुकूम होता की अटकेतल्यांबद्दल बाहेर एक अक्षर काढायचं नाही. हुकूम काही उगाच नव्हता. चारच दिवसांपूर्वी एका शिपायाने कीव येऊन कोणाला तरी सांगितलं होतं, की गाडी अकराला कोर्टाकडे निघेल. वाटेत हजारभर लोकांनी गाडी घेरली, दगड आले. एका शिपायाचा डोळा गेला, आणि गाडीतल्या दोन कैद्यांचीही डोकी फुटली.

पण माहितीच मिळेना, तेव्हा अफवा उठल्या. लॉरीभर प्रेतं परस्पर समुद्रात टाकली, असं चाळीचाळीतून बोललं जाऊ लागलं. दारातली गर्दी दर दिवसाला चिडत चालली होती.

त्या गर्दीत जाईबाई होती, गिरणीत वायडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, जाणारी. तिचा नवरा कोंडीराम तीन दिवस घरी आला नव्हता. परळच्या दवाखान्यात तिने खाटन् खाट पाहिली होती, शवागारातही जाऊन आली होती. ती साळसकरांच्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मालक जित्तं हायती का, तेवढंच सांगा. कुठं ठिवलंय ते नगं सांगू."

कोंडीरामचं नाव साळसकरांनीच लिहिलं होतं. तो धडधाकट होता. तरी त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या दिवशी घरी बायकोने, सरोजिनीने, वाढलेलं ताट त्यांनी तसंच सारलं. जे सांगू नये ते ती बाई मागतच नव्हती, हेच त्यांच्या डोक्यातून जाईना.

सकाळी त्यांनी इन्स्पेक्टरसाहेबांपुढे एक कागद ठेवला. त्यावर फक्त नाव, चाळ आणि पुढे 'सुखरूप' किंवा 'जखमी, उपचार चालू' असं लिहिलेलं. कुठे ठेवलंय, केव्हा हलवणार, याचा उल्लेख नाही. हा दारावर लावावा, असं त्यांनी सुचवलं.

साहेब चिडले. आज नाव दिलं की उद्या हे लोक जागा मागतील, म्हणाले. साळसकरांनी शांतपणे उत्तर दिलं, की जागा मागतील तेव्हा नाही म्हणता येईल. पण जिवंत आहे हे लपवून आपण कोणाचं रक्षण करतोय, तेवढं मला समजत नाही.

साहेबांनी कागद पुन्हा वाचला आणि सही केली. मात्र एका नावावर काट मारली, कोंडीरामच्या. तो पत्रकांच्या गठ्ठ्यासकट सापडला होता, आणि पत्रकं छापायचं यंत्र कुठल्या खोलीत आहे याचा माग चालू होता. अटक कळली तर यंत्र हललं असतं.

"किती दिवस, साहेब?" साळसकरांनी विचारलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत."

"तसं डायरीत लिहितो."

साहेबांनी वर पाहिलं, पण नको म्हणाले नाहीत.

यादी लागली तशी दारात एकच रडू आणि हसू उसळलं. एक म्हातारा तर शिपायाच्याच गळ्यात पडला. जाईबाईला वाचता येत नव्हतं. तिने दोघांकडून यादी वाचून घेतली आणि भिंतीला धरून उभी राहिली. साळसकर बाहेर आले.

"बाई, यादी पुरी झालेली नाही. उद्या सहाला या. आणि घरी जाऊन आधी जेवा."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग पदर सावरून गेली. साळसकरांनी आत येऊन आपण काय बोललो ते साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "जेवा काय, कोणालाही म्हणतात. त्यात काही फुटलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस त्या खोलीवर पोचले, तर आत नुसती शाईचे डाग पडलेली फरशी. ज्या रात्री कोंडीराम घरी आला नाही, त्याच रात्री त्याच्या साथीदारांनी काय ते ओळखून यंत्र हलवलं होतं. साहेब कपाळाला हात लावून हसले. साळसकरांनी तोंड फिरवून खिडकी उघडली. त्यांना मनातून फार बरं वाटलं होतं.

सहाला त्यांनी नवं नाव चिकटवलं. शेजारणीने वाचून दाखवलं, 'कोंडीराम सीताराम जगदाळे, सुखरूप.' जाईबाई पायरीवरच बसली. कोणीतरी पाणी दिलं. दोन घोट घेतल्यावर ती उठून साळसकरांवरच डाफरली, "मामंजींचं नाव सीताराम न्हवं. बाबुराव लिवा."

त्यांनी टाक आणला आणि तिच्यासमोर नाव दुरुस्त केलं. सुबक अक्षरातली ती खाडाखोड बघून ती पहिल्यांदाच हसली, आणि साळसकरही.