सेलेनियमचा वास

वास खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कार्बनला सेलेनियम जोडून मी जी संयुगं बनवायचो, त्यांना कुजक्या मुळ्याचा वास यायचा. तो केसांत, शर्टात, घड्याळाच्या पट्ट्यात मुरायचा. संध्याकाळी सुरतेत डिंडोलीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि लूमवरून सुटलेली आमची खानदेशी मंडळी बेधडक विचारायची, "सर, आज काय शिजवून आले?"

म्हणून विभागप्रमुखांनी माझा चहा वेगळा केला, तेव्हा मी राग धरला नाही. रोज अकरा वाजता सगळे प्राध्यापक त्यांच्या केबिनमध्ये चहाला जमायचे. ट्रेमध्ये सारखे पांढरे कप असायचे. मला मात्र स्टीलचा ग्लास, आणि खुर्ची दाराजवळ. "बास बहुत आती है ना, बुरा मत मानना," ते म्हणाले. मी मान डोलावली. काय मूर्ख होतो! कप विसळला की स्वच्छ होतो, एवढी गोष्ट रसायनशास्त्राच्या अख्ख्या विभागात कुणालाच ठाऊक नसावी?

घरी मी हे हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही.

"नोकरीवर हजर झाले, तवा पयले काय इचारलं त्यायनं तुमाले?"

"आडनाव."

"मंग?"

"गाव."

"मंग?"

आम्ही बौद्ध, वडील रेल्वेत गँगमन. हे मी कधी लपवलं नव्हतं, त्यांनाही सांगितलं होतं.

"वास तवाच आला त्यायले," ती म्हणाली. "तुमी त्या बाटल्यायले कायले बोल लावू राहिले?"

मी तिचं ऐकलं नाही. आम्हा विज्ञानवाल्यांना पुरावा हवा ना! मी सेलेनियमच सोडलं. ज्या विषयावर पीएचडी केली, ज्यात माझे शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत छापून आले, तो विषय मी एका चहासाठी सोडला आणि सिलिकॉन धरलं. त्या संयुगांना वास नाही. साडीवर लावली की कापड लोण्यासारखं मऊ होतं, त्यामुळे साड्यांच्या प्रोसेसिंग मिलवाले शेठ केबिनमध्ये येऊ लागले आणि प्रमुख खूश झाले. माझ्या बाटल्या आणि अर्धवट राहिलेलं काम त्यांनी नव्या व्याख्यात्याला दिलं. पोरगा हुशार होता, प्रमुखांच्याच समाजातला. महिनाभरात त्याच्याही अंगाला तोच वास मुरला.

माझा ग्लास मात्र चालूच राहिला. शिपायाला सवय झाली असेल, मी मनाशी म्हणायचो. शर्टाला आता फक्त साबणाचा वास येत होता, आणि मी तो शर्ट घालून रोज दाराजवळ बसत होतो.

एके दिवशी तो पोरगा प्रयोगशाळेतून थेट चहाला आला. केबिन वासाने भरून गेली. तोच बिचारा संकोचून दारात थांबला आणि म्हणाला, "सर, हुं बहार बेसुं?"

प्रमुख खो खो हसले. त्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि ट्रेमधला कप त्याच्या हातात दिला. "अरे, बेस ने! ए तो कामनी वास छे."

कामाचा वास! आणि पाठोपाठ माझा ग्लास आला.

माझं डोकं भणाणलं. मी उभा राहून विचारलं, "तो मुझ में से किस चीज़ की बास आती थी, साहेब?"

एक जण उगाच चहात चमचा फिरवत राहिला. शेवटी प्रमुख वैतागून म्हणाले, "तुम लोग हर बात में वो ही ले आते हो."

वो ही! मी तर त्याचं नावही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या चहाला जाणं बंद केलं. आठवडाभराने माझं सेलेनियम परत मागितलं. प्रमुख शांतपणे म्हणाले, विषय आता त्या पोराच्या नावावर मंजूर झाला आहे, आणि तुमचं साड्यांचं काम तर फार छान चाललंय. पुढे माझ्याच अर्धवट संयुगांवर त्या पोराला बढती मिळाली. त्याच्यावर माझा राग नाही. ग्लासाचा रागही आता निवलाय. पण सेलेनियमचा राग अजून तसाच आहे, आणि तो निम्मा माझ्यावरच आहे. निवृत्त होईपर्यंत मी सुरतेच्या साड्या मऊ करत राहिलो.