हक्कसोडीचा कागद

मला वाचता येत होतं, हे आधीच सांगून टाकते. पोलादपूरकडच्या आमच्या खोऱ्यात माझ्या वयाच्या मुलींत सातवी पास झालेली मी एकटीच. वडिलांना त्याचं भारी कौतुक. पाहुणा आला की मला ओटीवर बोलावून पेपर वाचायला लावत, आणि मी पण मान ताठ करून वाचत असे.

घरचं बरं नव्हे, चांगलं भरपूर होतं. खोती गेली तरी नदीकाठची भातखाचरं, डोंगरातलं सागाचं रान, माडीचं घर, सगळं राहिलं होतं. आम्ही तीन भावंडं. दादा थोरला, मी मधली, धाकटा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. धाकट्याला शाळा कधी मानवली नाही. पाटी दिली की तो तिच्यावर विंचू काढायचा. मी अक्षरं गिरवायला बसवलं की म्हणायचा, "मला काय करायचंय शिकून? तू हायस ना ताई वाचायला."

लग्न होऊन मी महाडला आले. यजमान शाळामास्तर. वडील वारल्यावर दुसऱ्या वर्षी दादा आईला घेऊन सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर निघाला. तिथल्या ऊन पाण्यात बसलं की तिचे गुडघे जरा हलके होत. वाटेत त्याने मलाही गाडीत घेतलं. आम्ही मायलेकींनी मनसोक्त आंघोळ केली, बरोबर आणलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. किती दिवसांनी आई हसली होती. परतताना महाडात कचेरीपुढे गाडी थांबवून दादा म्हणाला, "बाय, जाता जाता एक सही करून टाक. हक्कसोड हाय."

मुलींनाही बापाच्या जमिनीत वाटा मिळणार, असा कायदा तेव्हा नुकताच आला होता. पण आमच्यात वाटा घेणारी बहीण म्हणजे तोंड दाखवायची सोय नाही. बहिणीने सगळ्या भावांच्या नावे हक्क सोडायचा, भावांनी साडीचोळी करायची, आणि माहेरचं दार जन्मभर उघडं राहायचं. मीही मनात तेच धरून आत गेले.

आईने अंगठा दिला. कारकुनाने कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "वाचून बघा, बाई." मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीतून बैलांकडे बघत होता. थोरल्या भावादेखत कागद वाचायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं. "त्यात काय वाचायचंय?" असं म्हणून मी वळणदार अक्षरात सही ठोकली. बाहेर आल्यावर दादाने हिरवी साडी हातात दिली. मला आनंद झाला होता, तेही सांगायला हवं.

वर्षाने धाकटा महाडला दारात उभा राहिला. दादाने रस्त्यालगतच्या मोठ्या खाचरात खांब पुरले होते. तिथे त्याला भाताची गिरणी घालायची होती. धाकट्याने मला विचारलं, "ताई, आईनं नि तू तुमचा वाटा एकट्या दादाला दिलात?"

"काहीतरीच काय? दोघांना दिलाय," मी त्याच्यावरच खेकसले.

यजमानांनी कचेरीतून नक्कल आणली. चार ओळींचा मजकूर होता. आईचा आणि माझा हिस्सा थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावे. धाकट्याचं नाव कुठेच नव्हतं. मी तो कागद उभ्याने वाचला आणि तशीच खाली बसले. धाकटा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला मीच मोठ्याने वाचून दाखवायला हवं होतं, आणि दाखवलं. त्याने नक्कल घडी करून खिशात घातली.

ओळखीचे एक वकील म्हणाले, दादा राजी असेल तरच हा कागद फिरवता येईल. मी दुसऱ्याच दिवशी माहेर गाठलं. दादाच्या पाया पडले, भांडले, रडले. तो शांतपणे सुपारी कातरत होता. "तू तुझ्या हातानं दिलंस, बाय. आता कशाला उगाळतेस? त्या शहाण्यानं डोंगरातला साग इकला, तवा मला इचारलं व्हतं?" हे खरं होतं. धाकटाही काही गरीब गाय नव्हता. साग त्याने गुपचूप तोडून विकला होता. दोघांची पोटं भरलेली, भूक सगळी डोळ्यांत. मी मध्ये बसून दोघांना शिव्या घातल्या, पण शिव्यांनी कधी कोणाची हाव गेली आहे?

सकाळी धाकटा त्याच खाचरात राब भाजायला गेला. पेरणीआधी पालापाचोळा नि फांद्या पसरून जमीन भाजायची, हे तिथे दरवर्षी तोच करायचा. दादा त्याच्यामागे निघाला म्हणून मी निघाले. माझ्यामागून आई गुडघे धरत येत होती.

दादाने पेटता राब लाथेने उधळला. "ह्या शेतात पाय ठेवू नको. बहिणीनं दिलंय मला ह्ये."

धाकट्याच्या हातात फांद्या तोडायचा कोयता होता. मी वीस पावलांवर होते. "अरे नको," एवढंच ओरडले. बांध अरुंद, आणि मी पोचेपर्यंत त्याने दोन वेळा हात उचलला होता. दादाच्या एका हातात धोतराचा सोगा होता आणि दुसरा हात रिकामा होता. तो रिकामा हात मला अजून दिसतो.

बांधावरच्या तांब्यातलं पाणी मी दादाच्या तोंडात घातलं. ते गालावरून तसंच ओघळलं. धाकटा बांधावर बसून राहिला, पळाला नाही. मग म्हणाला, "ताई, पाणी." त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी मी त्याला दिलं. मला त्याचा राग येत नव्हता, आणि येत नाही म्हणून स्वतःची किळस येत होती.

खटला अलिबागला चालला. पाहणारी मी एकटी, कारण आई मागे, वाटेच्या वळणापलीकडेच राहिली होती. धाकट्याचे वकील मला म्हणाले, "थोरल्याने आधी काठी उगारली, एवढंच सांगा." आईने माझा हात धरला. "एक गेलाच हाय, बाय. दुसरा तरी ठेव गो." वहिनी पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "वन्सं, तुम्ही पाहिलंय तेवढंच सांगा. दुसरं काय मागत नाय मी." दोघींचं बरोबर होतं. माझ्याकडे जीभ मात्र एकच.

मी खरं सांगितलं. दादाचा हात रिकामा होता म्हणाले. त्यात फार धैर्य होतं असं कोणी समजू नये. एकदा न वाचता सही केली होती, आता न पाहिलेली काठी बघण्याचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. धाकट्याच्या वकिलांनी उलट विचारलं, "कागदावर सही तुमचीच?" हो. "वाचून केलीत?" नाही. "वाचता येतं?" येतं. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. धाकट्याला जन्मठेप झाली. आई त्यानंतर तीन वर्षं जगली, माझ्याशी एक शब्दही न बोलता.

खाचर पडीकच राहिलं. गिरणीही झाली नाही. वहिनी मुलांना घेऊन तिच्या भावाकडे गेली. हिरवी साडी मी जाळली नाही की नेसले नाही, ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली.

शिक्षा माफीने कमी होऊन धाकटा सुटला, तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. पोलादपूरला जाण्याआधी तो आमच्याकडे उतरला. पार वाळला होता. मी चहा दिला, त्याने बशीत ओतून घेतला. कोर्टातल्या साक्षीबद्दल तो बोलेल म्हणून मी कधीची कंबर कसून बसले होते.

"तुरुंगात वाचाय शिकलो, ताई," तो म्हणाला. "मास्तर येत व्हते शिकवाय."

"बरं केलंस," मी म्हणाले.

त्याने खिशातून घड्या पडून फाटलेली ती नक्कल काढली आणि बोटाने ओळ धरत, अडखळत, चारही ओळी मला वाचून दाखवल्या. मग घडी घालून कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"मला येवढा येळ लागतो," तो म्हणाला. "तुला तर तवाच येत व्हतं ना?"

मी हो म्हणाले.