तिरपी कांडी

तहसिलीतले पेशकारसाहेब बोथ गावात आमच्याच गल्लीत राहत. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवत. हैदराबादेत बँडवाल्यांकडून जॅझ शिकले होते. दर सणाला आमची एखादी चाल घ्यायचे, कांडी जराशी तिरपी करायचे आणि चालीखाली असे परके सूर मांडायचे, की आम्ही बायका तोंडं वाकडी करायचो. ते मात्र खुर्चीतच उसळत, "ऐका, ऐका! सण आला का नाई अंगात?"

राज्यं नव्यानं आखली, आमचं बोथ तेलुगू मुलखात राहिलं, शेजारचं किनवट मराठी मुलखात गेलं, त्याच दिवाळीत साहेबांनी तिकडची बदली मागून घेतली. भाऊबीजेला ओवाळणीचं गाणं वाजवलं आणि शेवटच्या ओळीआधी एका अधांतरी सुरावर थांबले.

"काऊन थांबले, साहेब? पुरं करा ना!"

"मी उद्या चाललो. शेवट तुमी म्हना."

हातात तबक तसंच धरून मी ओळ उचलली. मागून साऱ्याजणी आल्या. खालून ती तिरपी कांडी हळूच सरकली आणि अंगावर सर्रकन काटा आला!

अजूनही त्या ओळीआधी आम्ही क्षणभर थांबतो. नव्या सुनांना वाटतं, गाणं असंच आहे.